उथळ पाण्यासाठी ईएफआय लाँगटेल मोटर कशी निवडावी

गुडघाभर पाणी, खाली मांडीभर गाळ आणि वर जलपर्णीचा थर अशा ठिकाणी साधी आउटबोर्ड मोटर हात टेकते. तिचा पंखा होडीच्या तळाच्या बराच खाली असतो, आणि इंजिन थंड ठेवायला ती बाहेरचं पाणी आत ओढते. गाळ आत गेला की पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर झिजतो, जाळी शेवाळाने बुजते आणि इंजिन तापतं. लाँगटेल मड मोटरचं इंजिन हवेने थंड होतं. जनरेटरला किंवा शेतपंपाला लागतं तसंच हे आडव्या शाफ्टचं इंजिन. ते ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, फिरत्या खुंट्यावर बसवतात. तिथून दीड-दोन मीटरचा शाफ्ट पाण्याशी अगदी थोडा कोन करून मागे जातो. पंखा पाण्याच्या वरच्या थरात चालतो आणि खाली ओंडका आला तर शाफ्ट आपोआप वर उचलला जातो.

थायलंडच्या कालव्यांत अशा होड्या जुन्याच आहेत. अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत बदकांच्या शिकाऱ्यांसाठी वॉरन कोको यांनी १९७७मध्ये ‘गो-डेव्हिल’ मोटर बनवायला सुरुवात केली आणि तिथे या मोटरींचा धंदाच उभा राहिला. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांना डिझेलचं लाँगटेल सर्रास दिसतं. पेट्रोलवरची, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे ईएफआयची मोटर मात्र मुख्यतः अमेरिकी बाजारातली चीज आहे, म्हणून खालची बरीचशी मापं आणि मॉडेलं तिथली आहेत. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरलं की भिगवणच्या बाजूला जे चिखलपट्टे उघडे पडतात, तिथे हिशेब हाच लागू होतो.

लाँगटेलच हवी का, हे आधी ठरवा

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे सरफेस ड्राइव्ह. त्याची शेपटी आखूड असते, पट्ट्याने फेरे कमी करून मोठा पंखा फिरवतात, आणि काहींना रिव्हर्सही असतो. मोकळ्या चिखलात आणि गवतात तो लाँगटेलपेक्षा वेगवान. पण तो जड असतो, बहुधा २३ एचपीच्या पुढेच शोभतो, आणि बुंधे, दगड, बुडालेल्या फांद्या असल्या की मार थेट ट्रान्समवर येतो. अडथळ्यांच्या पाण्यात लाँगटेलच बरी. तिचे तोटे मान्य करूनच ती घ्यायची: वळायला जागा जास्त लागते, दांड्याला सतत हात लावून बसावं लागतं, आणि साध्या मॉडेलात ना न्यूट्रल ना रिव्हर्स. इंजिन सुरू झालं की पंखा फिरलाच. काही मॉडेलांत सेंट्रिफ्यूगल क्लच येतो, त्यामुळे आयडलला पंखा थांबतो. पैसे थोडे जास्त पडले तरी हा क्लच घ्यावा, विशेषतः गर्दीच्या धक्क्यावरून सुटायचं असेल तर.

पाणी बारा महिने कमरेइतकं असेल तर मड मोटरचा नादच सोडा. सुझुकीच्या डीएफ१५ए आणि डीएफ२०ए या आउटबोर्डना बॅटरीशिवाय चालणारं ईएफआय आहे, मर्क्युरीच्या १५ आणि २० एचपीलाही आहे. आवाज कमी, वळण सोपं, रिव्हर्स हाताशी.

होडी आणि वजन

मोटरीच्या कॅटलॉगआधी होडी तराजूवर चढवा. रिकामी होडी, माणसं, पेट्रोल, बॅटरी, जाळी किंवा सामान, आणि खुद्द मोटर यांची बेरीज करा. व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, ईएफआय इंजिन एकटंच ४० ते ४५ किलोच्या आसपास भरतं. चौकट, शाफ्ट आणि दांडा धरून मोटर ७०-८० किलोच्या घरात जाते. चालवणारा माणूसही मागेच बसतो. म्हणजे दीडशे किलो होडीच्या शेवटच्या मीटरभरात एकवटतात. चौदा फुटी अरुंद होडीत यामुळे नाक वर येतं, मागची कड पाण्याला टेकायला येते, आणि अचानक थांबलं की मागून येणारी स्वतःचीच लाट आत शिरते. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवणं हा सोपा उपाय, पण त्याचा विजेच्या वायरीवर काय परिणाम होतो ते पुढे येईल.

तळ सपाट हवा. तळाखाली लांब पट्ट्या किंवा कणा असेल तर चिखलात तो नांगरासारखा रुततो. ट्रान्समची उंची मोजा. साधारण १५ इंच आणि २० इंच अशी दोन मापं चालतात आणि मोटरचा स्टँड त्यानुसार मागवावा लागतो. ट्रान्सम दीड इंच जाड आणि आतून प्लायवुड किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याने बळकट केलेला हवा. नुसते क्लॅम्प पुरत नाहीत. आरपार बोल्ट मारून मागे रुंद वॉशर लावा, शिवाय एक सुरक्षा साखळी.

किती एचपी

स्टिकरवरचा आकडा आणि पंख्याला मिळणारी ताकद यांत फरक असतो. हवेवरच्या लहान इंजिनांचे बरेच आकडे ‘ग्रॉस’ असतात, म्हणजे एअर फिल्टर आणि सायलेन्सर नसताना मोजलेले. होंडाची जीएक्स३९० पूर्वी १३ एचपी म्हणून विकली जायची. आता तीच नेट ११.७ एचपी सांगतात. जीएक्स२०० साडेसहाची साडेपाच झाली. इंजिनं तीच, मोजणी बदलली. त्यामुळे दोन कंपन्यांच्या मोटरी शेजारी ठेवताना ग्रॉसची तुलना ग्रॉसशी आणि नेटची नेटशीच करा, नाहीतर सीसी बघा, तो खोटं बोलत नाही.

ढोबळ हिशेब असा धरा: सपाट तळाची होडी पाण्यावर चढून पळवायची असेल तर नेट एचपीमागे एकूण वजन २० किलोच्या आत ठेवा. ४०० किलोला नेट २० एचपी, म्हणजे स्टिकरवर साधारण २३. त्यापेक्षा कमी असेल तर होडी पाणी कापत सावकाश जाईल, जे कित्येक कामांना पुरेसं असतं. पक्षी दाखवायला किंवा जाळी टाकायला ताशी ३० किलोमीटर कोणाला हवेत?

उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला ताकद तीन-साडेतीन टक्के घटते. यूटामधलं ग्रेट सॉल्ट लेक सुमारे १,२८० मीटरवर आहे, म्हणजे तिथे २३ एचपीची जेमतेम २० उरते. ईएफआय उंचीवर मिश्रण बरोबर ठेवतं, इंजिन काळा धूर ओकत नाही आणि प्लग काळे पडत नाहीत, पण हवेतच नसलेला ऑक्सिजन ते आणणार कुठून? ‘ईएफआयला उंचीचा फरक पडत नाही’ असं विक्रेता म्हणाला तर अर्धंच खरं समजा.

लाँगटेलवर बसवण्याजोग्या ईएफआय इंजिनांत कोहलरची ईसीएच मालिका, ६९४ आणि ७४७ सीसी, आणि व्हॅनगार्डचं ८१० सीसी या व्ही-ट्विन ठळक आहेत. व्हॅनगार्डचं ९९३ सीसी ईएफआय ३७-४० एचपीपर्यंत जातं, पण ते धूड लांब दांड्यावर दिवसभर हाताने पेलायचं नाही. ते सरफेस ड्राइव्हलाच ठीक. एका सिलिंडरच्या लहान इंजिनांत ईएफआय अजून तुरळक दिसतं, आणि दहा एचपीच्या खाली आमचं मत सरळ आहे: कार्ब्युरेटर घ्या. दोरी ओढून सुरू होतं, बॅटरी लागत नाही, जेट बुजला तर धक्क्यावर बसून पिनेने साफ होतो.

ईएफआयने नेमकं काय मिळतं

थंडीत चोक न ओढता एका सेल्फमध्ये इंजिन घेतं. चार महिने उभी राहिलेली मोटर कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, चिकट झालेल्या पेट्रोलमुळे रुसत नाही. लाटेत किंवा शाफ्ट उचलल्यावर इंजिन तिरकं झालं तरी फ्लोटची पातळी बिघडून मिश्रण बदलत नाही, आणि लाँगटेलमध्ये इंजिन सारखंच वर-खाली होत असल्याने हा फायदा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

आणि पेट्रोल वाचतं. कोहलर स्वतःच्या तशाच कार्ब्युरेटर इंजिनाच्या तुलनेत २५ टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा करते. तो दावा बाजूला ठेवून सावध हिशेब करू. नेट २० एचपीचं इंजिन पूर्ण रेसवर तासाला सहा लिटरच्या आसपास पितं. ईएफआयने एक लिटर वाचला आणि वर्षाला १०० तास चालवलं, तर १०० लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर दहा हजार. वर्षाला तीस तास चालवणाऱ्याला तीनच हजार सुटतील, त्याने केवळ बचतीसाठी ईएफआय घेण्यात अर्थ नाही. सुरू होण्याची खात्री आणि स्वच्छ आयडल यांसाठी घ्यायचं तर जरूर घ्या.

बदल्यात दोन गोष्टींची कायमची काळजी गळ्यात पडते: पेट्रोलची स्वच्छता आणि विजेची तब्येत. ईएफआय मोटरचे बहुतेक बिघाड इंजिनात नसतातच, ते या दोन ठिकाणी असतात.

आपल्याकडे एक बाजू जमेची आहे. एप्रिल २०२०पासून बीएस६ आल्यावर जवळपास सगळ्या दुचाकी इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकलाही सेन्सर, पंप, इंजेक्टर हे विषय नवे नाहीत. अडचण स्कॅनरची. दुचाकीच्या स्कॅनरचा कपलर आणि भाषा या इंजिनांना जुळत नाही. म्हणून घेतानाच विचारा: बिघाडाचे कोड चेक लाइटच्या लुकलुकण्यावरून वाचता येतात का, की लॅपटॉप आणि कंपनीची केबल लागतेच? पहिल्या प्रकारची मोटर घ्या. कोडचा तक्ता छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून होडीत ठेवा.

पेट्रोलची बाजू

कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं ओघळत आलं तरी चालतं. इंजेक्टरला दाब लागतो. कोहलरच्या ईसीएच इंजिनांत तो सुमारे ३९ पीएसआय असतो. म्हणून टाकीपासून पंपापर्यंत कमी दाबाची आणि पंपापासून इंजेक्टरपर्यंत जास्त दाबाची असे दोन वेगळे भाग धरायचे. जास्त दाबाच्या भागात एसएई ३०आर९ छापलेलीच नळी. साधी ३०आर७ नळी दिसायला तशीच असते, स्वस्तही मिळते, आणि काही महिन्यांत आतून सोलून निघते. तिचे काळे कण इंजेक्टरच्या जाळीत अडकतात, नाहीतर क्लॅम्पपाशी बारीक तुषार उडतो, तोही तापलेल्या सायलेन्सरजवळ. क्लॅम्पसुद्धा गुळगुळीत आतल्या कडेचे, इंजेक्शनसाठीचे घ्या. खाचांचे स्क्रू-क्लॅम्प रबर कापतात.

टाकी आणि पंप यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर हवाच. तो पंपाच्या आधी, ओढणाऱ्या बाजूला बसतो. त्याची वाटी पारदर्शक असेल तर उत्तम, रोज एक नजर टाकली की तळाशी पाणी दिसतं. होडीत पाणी येतं कुठून? अर्धी भरलेली टाकी रात्री गार पडते, आत दव धरतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण पाच मिलिलिटर पाणी मावतं. त्यापुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि टाकीची नळी नेमकी तळाशीच असते. पावसाळ्याआधी मोटर ठेवून द्यायची तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करून पुसा, अर्धवट ठेवू नका.

आता ई२०. भारतात २०२५पासून पंपावर वीस टक्के मिश्रणाचंच पेट्रोल मिळतं, आणि अमेरिकेतली ही इंजिनं बहुधा दहा टक्क्यांपर्यंतच्या मर्यादेसह विकली जातात. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई१०ला सुमारे १४.१, ई२०ला १३.५. म्हणजे ई१०वर बेतलेल्या इंजिनाला ई२०वर चारेक टक्के जास्त पेट्रोल लागतं. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असेल तर ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक, ती भर स्वतः घालतो. सेन्सर नसलेलं साधं ईएफआय तेवढं कोरडं, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालतं आणि पूर्ण रेसवर व्हॉल्व्ह भाजू शकतो. तेव्हा भारतात चालवायची मोटर ऑक्सिजन सेन्सरची, म्हणजे क्लोज्ड लूपचीच घ्या. ही अट अजिबात सोडू नका. नळ्या, ओ-रिंग आणि पंपाच्या सीलला ई२० चालतं का, हे लेखी विचारा. वॉरंटीचा वाद इथेच होतो.

सुट्या टाकीवर चालवणाऱ्यांनी आणखी एक बघायचं: प्रणालीला परतीची नळी लागते का. काही ईएफआय जादा पेट्रोल टाकीत परत पाठवतात, आणि साध्या सुट्या टाकीला परतीचं भोकच नसतं. परतीची नळी नसलेली प्रणाली निवडणं सोपं. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडायला विसरलात तर कार्ब्युरेटर इंजिन खोकून बंद पडतं. इथे पंप पोकळी ओढत राहतो आणि गरम होतो.

कार्ब्युरेटरची एक सवय तर मोडायलाच हवी. बंद करताना नळ फिरवून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवायची पद्धत ईएफआयला घातक आहे. पंप पेट्रोलनेच थंड होतो आणि वंगणही त्याचंच मिळतं. कोरडा फिरला की झिजतो, आणि अनेक इंजिनांत पंपाचं मॉड्यूल उघडून दुरुस्त करता येत नाही, अख्खं बदलावं लागतं. किंमत आधी विचारून ठेवा, म्हणजे सवय लवकर सुटते.

विजेची बाजू

बॅटरी उतरली की ईएफआय मोटर म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा. दोरी असली तरी उपयोग नाही, कारण पंपाला आणि ईसीयूला वीज हवी. सेल्फ फिरताना ईसीयूकडचा व्होल्टेज सातच्या आसपास घसरला की ईसीयू झोपतो: सेल्फ दणकून फिरतो, पण ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. लोक इंजेक्टर उघडून बसतात आणि दोष बॅटरीत किंवा वायरीत असतो.

वजन पुढे नेण्यासाठी बॅटरी नाकाशी ठेवली, तर वायर लांब होते. जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याची तार आणि सेल्फचा १५० अँपिअर प्रवाह धरा. १० चौरस मिमीच्या केबलमध्ये सुमारे १.६ व्होल्ट वाटेतच जातात, १६ मध्ये एक व्होल्ट, २५ मध्ये पाऊण व्होल्टाहून थोडा कमी. म्हणून लांब टप्प्याला २५ चौरस मिमी तांबंच, अॅल्युमिनियम नाही. ईसीयूची वीज आणि अर्थ सेल्फच्या जाड वायरीवरून काढू नका, थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून वेगळी ओढा, फ्यूजसह. बॅटरी १२ व्होल्टची, सीलबंद एजीएम, ३०० सीसीएच्या (थंडीत सेल्फ फिरवण्याच्या ताकदीचं माप) वरची, आणि डब्यात पट्ट्याने बांधलेली. आदळआपट हाच बॅटरीचा खरा शत्रू.

चार्जिंगचा स्टेटर किती अँपिअरचा आहे ते बघा. ३ अँपिअरची लहान कॉइल कार्ब्युरेटर इंजिनाला पुरते, पण पंप, इंजेक्टर आणि ईसीयू मिळून सतत काही अँपिअर खातात. दिवे आणि फिशफाइंडर त्यावर. १५ अँपिअरच्या खाली घेऊ नका.

कपलरांवर ओल अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, तोंड खालच्या बाजूला ठेवा. प्रेशर वॉशरने धुताना फवारा ईसीयू आणि कपलरांपासून दूर ठेवा. मोटर होडीवर असताना अॅल्युमिनियमला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे कपलर दोन्ही सोडवा. ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप-स्टार्ट तर कधीच नाही.

शाफ्ट, बुश, पंखा

ईएफआयच्या नादात लोक शेपटीकडे बघतच नाहीत, आणि चिखलात आधी तीच मरते. शाफ्ट स्टेनलेसचा, बाहेरची नळी जाड भिंतीची, खालच्या टोकाला बदलता येणारा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात टेकून फिरतो ती बाही, आणि सील. बुश कशाचा आहे आणि स्थानिक लेथवर करून घेता येईल का, हे विचारा. ग्रीस निप्पल असेल तर रोज परतल्यावर पाण्यात टिकणारं ग्रीस मारा, खालच्या सीलमधून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत. राखाडी, कचकच लागणारं ग्रीस येत असेल तर सील गेलेलं आहे, शाफ्टवर चर पडण्याआधी ते बदला.

साध्या लाँगटेलमध्ये पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो, म्हणून तो लहान असतो. पिचवरून, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढा पुढे सरकतो त्या अंतरावरून, वेग काढता येतो: ६ इंच पिच आणि ३,६०० फेरे म्हणजे कागदावर ताशी ३३ किलोमीटर. घसर, म्हणजे पाण्यात वाया जाणारा भाग, ४० टक्के धरली तर हातात वीसच येतात. ७ इंचाला कागदावर ३८, प्रत्यक्षात तेवीस. वेगाच्या हावेने पिच वाढवली आणि इंजिन पूर्ण रेसवर ३,४०० फेऱ्यांपर्यंतच पोचलं, तर ते सतत ओझ्याखाली राहतं आणि तापतं. उलट फेरे मर्यादेला लगेच टेकले तर पिच कमी आहे. टॅकोमीटर असलेलीच मोटर घ्या. जलपर्णीत मागे वळलेल्या पात्यांचा पंखा हवा, कारण सरळ पातं देठ गुंडाळतं. वाळूमिश्रित गाळात पात्यांची टोकं झिजतात, म्हणून कडक पोलादाचा किंवा स्टेनलेसचा घ्या आणि एक जादा ठेवा.

फेरे आवरणारा गव्हर्नर काढून वेग वाढवण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. ही इंजिनं ३,६०० फेऱ्यांच्या आसपास काम करायला बनलेली आहेत. त्यापलीकडे कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर येऊ शकतो. ईएफआयमध्ये ईसीयूची मर्यादा असते, तीही कुठून तरी उठवून मिळते. करू नका.

पैसे देण्याआधीची चाचणी

मल्टिमीटर, वजनकाटा आणि तासभर वेळ घेऊन जा. चावी ऑन करून दोन-तीन सेकंद कान द्या. पंपाची बारीक घुरघुर ऐकू यायला हवी. चेक लाइट लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो, वापरलेल्या मोटरीत ही चलाखी चालते. सेल्फ मारताना मल्टिमीटर बॅटरीवर ठेवा, ९.५ व्होल्टच्या खाली जायला नको.

इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा आणि शाफ्टच्या टोकाकडे एका डोळ्याने बघा. टोक गोल फिरत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे. पंखा धरून वर-खाली हलवा, खडखड जाणवली तर बुश गेला. दांड्याच्या मुठीखाली वजनकाटा लावून चालवायच्या स्थितीत मोटर तोला. मुठीवर पाच किलोहून जास्त भार येत असेल तर तासाभरात खांदा भरून येईल. चांगल्या बनावटीत इंजिन आणि शेपटी खुंट्यावर जवळपास तोललेली असतात. ऑइलची पातळीही याच स्थितीत, इंजिन सपाट असताना बघा. शेपटी खाली सोडलेल्या स्थितीत डिपस्टिक खोटं सांगते.

शेवटी सगळ्यात महत्त्वाची चाचणी, जी विक्रेते टाळतात. मोटर पाण्यात ओझ्याखाली वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा-पंधरा मिनिटं उन्हात तशीच उभी ठेवा आणि परत सेल्फ मारा. इंजिन थांबलं की थंड करणारा वाराही थांबतो, साठलेली उष्णता पंपात आणि नळ्यांत शिरते, पेट्रोलची वाफ होते. नळ्यांची मांडणी चुकलेली मोटर इथे हमखास रुसते. मे महिन्यात ती रोज रुसेल. पंप सायलेन्सरपासून दूर आणि वाऱ्याच्या वाटेत आहे का, मधे पत्र्याची आड आहे का, तेही बघून घ्या.

चालवताना

दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा किल-स्विच मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय चावी फिरवू नका. अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर तो वापरणं संघीय कायद्याने बंधनकारक आहे. लाँगटेलमध्ये तर दांडा हातातून सुटला की इंजिनाच्या जोराने मोटर आडवी फिरते आणि उघडा पंखा होडीच्या आत येऊ शकतो. सुरू करताना मागच्या अर्ध्या वर्तुळात कोणी उभं नको. आवाज एवढा असतो की कानात बोळे हवेतच.

पंखा जेमतेम बुडेल आणि त्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याच्या पातळीला राहील एवढीच खोली ठेवा. जास्त बुडवला तर वेग पडतो आणि दांडा बाजूला ओढतो. कमी बुडाला तर हवा ओढून फेरे एकदम चढतात. दांडा खाली दाबला की शेपटी वर येते, हे हाताला बसायला एक-दोन दिवस लागतात. थंड हवा घेणारी जाळी गवताने भरते, ती दर थांब्याला हाताने साफ करा. इंजिन हवेने थंड होतं, याचा अर्थ ते तापतच नाही असा होत नाही.

खाडीत, म्हणजे खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात, ही मोटर घेताना दोनदा विचार करा. ही मुळात जमिनीवरची इंजिनं आहेत, सागरी नव्हेत. स्टेटर, सेल्फचा सोलेनॉइड आणि कपलरांच्या पिना खाऱ्या तुषारांनी हिरव्या पडतात, आणि ईएफआयमध्ये पिना भरपूर. रोज गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवायची तयारी हवी. स्टेनलेसच्या शेपटीजवळ अॅल्युमिनियमची होडी असेल तर अॅनोड, म्हणजे होडीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, लावा: खाऱ्या पाण्यात जस्ताचा, मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. एवढी निगा होणार नसेल तर खाडीला कार्ब्युरेटरची मोटर किंवा सरळ आउटबोर्ड बरी.

परवानगीचं आधी बघा, मोटर नंतर मागवा. महाराष्ट्रात खाड्यांसाठी मेरीटाइम बोर्ड, गोव्यात बंदर कप्तान खातं, धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभाग, आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यासारख्या जागी वन खातं. कांदळवनात पंखा मुळं आणि कोवळी रोपं कापतो, पक्ष्यांच्या थव्यात तर नुसता आवाजच पुरेसा होतो. अशा जागी किनाऱ्यापासून आधीच इंजिन बंद करून बांबूने होडी रेटायची. त्यासाठी तीन मीटरचा बांबू होडीत हवा, जादा पेट्रोल फिल्टर, पंख्याची पिन, ३०आर९ची अर्धा मीटर नळी, फ्यूज आणि दोन प्लग यांच्याबरोबर.